घराचा चार्ज

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर पाळी बदलायला दहा मिनिटं लागतात. जाणारा वहीत लिहितो, येणारा वाचून खाली सही करतो, मग जाणारा जातो. याला चार्ज देणं म्हणतात. सही झाल्याशिवाय कुणी फाटक ओलांडायचं नाही, मग बाहेर कुणाची बस सुटली तरी बेहत्तर.

ती तिथे अकरा वर्षं ऑपरेटर होती. पाळीप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. त्या जागेसाठी दुसऱ्या शहरात पाच दिवसांचं प्रशिक्षण लागायचं आणि ते चुकलं तर पुढची तुकडी दोन वर्षांनी.

"जमेल ना?" साहेबांनी विचारलं. "की घरचं काही?"

ती जमेल म्हणाली आणि घरी येताना शंभर पानी वही घेऊन आली.

दोन-तीन पानांत आटपेल असं तिला वाटलं होतं. नवव्या दिवशी ती एकतिसाव्या पानावर होती. धाकटी चार वर्षांची. तिला दूध निळ्या पेल्यातच लागतं, आणि पेला धुवायला पडला असेल तर तसं सांगायचं नाही, आधी पेला धुवायचा. थोरली दहा वर्षांची. तिला भूक लागली की ती भांडते, तेव्हा भांडण मिटवत बसू नये, खायला द्यावं. कपड्यांच्या मशीनचं दार गुडघ्याने दाबल्याशिवाय लागत नाही. सासूबाई 'घेतली गं गोळी' म्हणतात तेव्हा घेतलेली नसते. 'घेते की, काय मागे लागलीस' म्हणतात तेव्हा घेतलेली असते.

लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की हे सगळं ती आजवर रोज डोक्यात घेऊन फिरत होती, क्लोरीन मोजताना, बसमध्ये उभी असताना, कुणाशी हसून बोलताना. पानावर उतरलं म्हणून ते डोक्यातून कमी झालं नाही.

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. माणूस चांगला होता, पोरींवर जीव होता, चेष्टेखोर होता.

"अगं, हे घर आहे की विमानतळ?" त्याने वहीचं वजन करून पाहिलं.

"वाच आणि सही कर."

"सहीसुद्धा? साक्षीदार कोण?"

"मी," थोरली म्हणाली. घरात तिला मास्तरीण म्हणत.

त्याने निळ्या पेल्याचं पान वाचलं, हसला, बाकीची पानं अंगठ्याने फुर्रकन सोडली आणि चाळिसाव्या पानाखाली झोकदार सही ठोकली.

"आम्ही पाच वाढवली," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "वही नव्हती, पेनही नव्हतं."

"कुणाला केव्हा काय टोचलं, आठवतं तुम्हाला?"

"आठवायचंय कशाला? जगलीच ना सगळी."

झाली होती सहा. सहावं सासूबाई मोजत नसत.

केंद्रावर तीन नंबरचा व्हॉल्व्ह अडकायचा. तो आधी पाव फेरा उलटा फिरवावा लागे, मग सुलटा. दोन वर्षांपूर्वी एका नव्या ऑपरेटरने हे वहीत लिहिलं नाही. पुढच्या पाळीला बदली माणूस होता. त्याने जोर लावला, दांडा तुटला आणि पंपाच्या खोलीत कमरेएवढं पाणी भरलं. "सगळ्यांना माहीत आहे म्हणून नाही लिहिलं," नवा म्हणाला होता. ती त्याच्यावर सगळ्यांसमोर कडाडली होती: "सगळ्यांना माहीत आहे ही नोंद नसते. जे रोज माहीत असतं ते रोज लिहायचं."

सोमवारी पहाटेच्या बसने ती निघाली.

पहिल्या दिवशी नवऱ्याचे चार फोन आले. टॉवेल कुठला, मोजे कुठले, मास्तरणीची निळी वही म्हणजे फिकी निळी की गडद, आणि मशीनचं दार लागत नाहीये. "गुडघ्याने," ती म्हणाली, "पान अकरा." दुसऱ्या दिवशी सहा आले. प्रशिक्षणात मोबाइल बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचे असत. सुटीत ती आपला उचलायची तेव्हा शेजारची बाई म्हणायची, "आलं का विमानतळावरून बोलावणं?" कारण तो विनोद तिनेच सांगितला होता.

बुधवारी दुपारी बाहेर आली तेव्हा सात फोन येऊन गेले होते. टॉवेल असेल, असं तिला वाटलं. खरं तर तिला चीड आली. आधी जेवू, मग करू, असं ठरवून तिने ताट घेतलं, सावकाश जेवली, हातही सावकाश धुतला. पाच वर्षांत इतकं निवांत जेवण झालं नव्हतं. मग फोन लावला.

पलीकडे नवरा नव्हता, मास्तरीण होती.

"आई, धाकटीला दवाखान्यात आणलंय. तिचे ओठ एवढे मोठे झालेत. बाबा आत आहेत. तू फोन का नाही घेतलास?"

घडलं ते असं होतं. धाकटीचा कान दुखत होता, अंगात ताप होता. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून नवरा तिला दुसरीकडे घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी रीतसर विचारलं, कुठल्या औषधाचा त्रास होतो का. तो म्हणाला, नाही, तसं काही नाही. घरी येऊन त्याने बाटलीतलं औषध दिलं, तेही निळ्या पेल्यात दुधानंतर, अगदी वहीत लिहिल्याप्रमाणे. वीस मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासाला शीळ यायला लागली.

बसला चार तास लागले. ती पोचली तेव्हा इंजेक्शन लागू पडलं होतं. धाकटी झोपली होती. डोळे अजून सुजलेले होते, हातावर सुई चिकटवलेली होती.

"आधी कधी असं झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वयाने लहान होत्या, बारा तास उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या.

"दीड वर्षाची असताना. पेनिसिलिनच."

"मग कुणी सांगितलं कसं नाही?"

"घरात सगळ्यांना माहीत आहे असं..." तिने वाक्य अर्धंच सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लाल पेनाने लिहिलं आणि त्याच्याभोवती चौकट काढली. "आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी हे बोलत नसते," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

बाहेरच्या बाकावर नवरा बसला होता. मांडीवर वही होती.

"मी सगळी वाचली," तो म्हणाला. "इथं बसून. चाळीसच्या चाळीस पानं. दोनदा. कुठेच नव्हतं गं."

तो दोष देत नव्हता. खरंच शोधत होता, अजूनही पानं उलटत होता.

"तू होतास तेव्हा," ती म्हणाली. "ती दीड वर्षाची होती. गाडी तूच चालवत होतास. मी मागे तिला घेऊन बसले होते आणि तू सिग्नल तोडलास."

त्याने पानं उलटणं थांबवलं.

"सिग्नल तोडलेला आठवतोय," तो म्हणाला. "कशासाठी तोडला ते नाही."

ती त्याच्या शेजारी बसली.

गुरुवारी साहेबांचा फोन आला. "मुलगी आधी, बाकी सगळं नंतर. पुढच्या तुकडीला बघू," ते मायेने म्हणाले. पाळीप्रमुखाची जागा पुढच्या महिन्यात भरली. तीन नंबरच्या व्हॉल्व्हची नोंद न करणारा तो ऑपरेटर त्याच तुकडीत होता, त्याने पाचही दिवस पुरे केले होते. निकाल लागल्यावर तो पेढ्याऐवजी तिच्याकडे माफीच घेऊन आल्यासारखा उभा राहिला. "तुम्हीच शिकवलंय हो," तो म्हणाला. तिने त्याला चार्ज दिला. त्याने ओळ न् ओळ वाचून सही केली.

धाकटी घरी आली त्या शनिवारी सासूबाई म्हणाल्या, "आई घरात नसली की असंच व्हायचं." मग बऱ्याच वेळाने, कुणी विचारलं नसताना, "आमच्या त्यालाही तापच आला होता," असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या.

तिने वही काढली. एक्केचाळिसाव्या पानावर मोठ्या अक्षरांत औषधाचं नाव लिहायचं होतं. पान कोरं नव्हतं. मास्तरणीच्या गोल अक्षरात दवाखान्याच्या कागदावरून उतरवलेलं औषधाचं नाव होतं, भोवती लाल चौकट. खाली आणखी ओळी होत्या. धाकटीच्या बुटाचा नंबर नऊ. आजीच्या गोळ्या मंगळवारी संपतात. बाबांना दोन कामं एकदम सांगायची नाहीत. आई कपाळ दाबते तेव्हा तिला काही विचारायचं नाही.

आणि त्याखाली सही.

मास्तरीण समोरच टेबलाशी गणितं सोडवत होती.

"हे तू कशाला लिहिलंस?"

"राहिलं होतं म्हणून."

"हे तुझं काम नाही, राणी. समजलं? तुझं काम अभ्यास करायचा, खेळायचं."

"बरं."

"इकडे बघ. मी काय म्हणाले?"

"माझं काम नाही," मास्तरीण म्हणाली आणि हातचा एक वरच्या घरात मांडला.

तिने ते पान फाडायला धरलं. पण औषधाचं नाव त्याच पानावर होतं. तिने वही मिटली.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला. धाकटी आत खिदळत होती, चार दिवसांनी पहिल्यांदा. दार किलकिलं झालं आणि नवऱ्याने ओला हात बाहेर काढला.

"अगं, हिचा टॉवेल कुठला?"

तिने तोंड उघडलं.

"हिरवा," मास्तरीण म्हणाली. मान वर न करता. "निळा धुवायला टाकलाय."