पंधरावं नाव

विनयच्या घरी पाणी प्यायला म्हणून पद्माकर टिपणीस किचनमध्ये गेले आणि फ्रिजवर लावलेली यादी वाचून आले. यादीत पंधरा नावं होती. पंधरावं नाव परीक्षितचं, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं : कॅचर. आता इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या 'मावळे' बेसबॉल टीमचे कॅचर गेली पाच वर्षं स्वतः पद्माकरकाकाच होते. मग त्या यादीचा अर्थ सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

काका मुकाट्याने टेबलाशी येऊन बसले. समोर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि बासुंदी. गुरुवारी संध्याकाळी, कुणाचा वाढदिवस नाही की सण नाही, आणि बासुंदी! तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं, की हे जेवण म्हणजे निरोप सांगायची तयारी आहे.

"काका, एक विषय होता," टीमचा मॅनेजर विनय घसा साफ करत म्हणाला.

"बोल की."

विनयने बायकोकडे, नीनाकडे पाहिलं. नीनाने काकांच्या ताटाकडे पाहिलं आणि पटकन एक पुरी वाढली. "अहो, आधी जेवू द्या त्यांना," ती म्हणाली. मग विनय राउंडअबाउटवरच्या ट्रॅफिकबद्दल बोलला, हीटिंगच्या बिलाबद्दल बोलला, आणि विषय बासुंदीतच बुडाला.

खरं सांगायचं तर विनयचं काही चुकत नव्हतं. हिवाळ्यात मॅच नसतात, तेव्हा टीमची उलथापालथ होते. शशीची नोकरी क्रॉयडनला गेली, म्हणून त्याला तिथल्या टीमला देऊन टाकला आणि बदल्यात त्यांचा एक डावखुरा पिचर घेतला. वर बादलीभर प्रॅक्टिसचे बॉलही मिळाले. शशी आपली किंमत बादलीसकट सगळ्यांना सांगत फिरला. पण हा नवा पिचर बॉल असा फेकायचा, की पहिल्याच सरावात काकांचा तळवा आठवडाभर सुजला. त्यातच नोव्हेंबरात नागपूरहून परीक्षित आला. पोरगा विनयच्याच ऑफिसात, आणि युनिव्हर्सिटीचा विकेटकीपर. एकूण डोकी झाली सोळा, आणि लीगच्या फॉर्मवर जागा पंधराच. फॉर्म एकतीस जानेवारीला पाठवायचा.

काका कॅचर झाले तेही गमतीनेच. टीम काढली तेव्हा बेसबॉलचा ओ की ठो कुणाला येत नव्हता. कॅचरला पिचरचे बॉल झेलायला बॅटरच्या मागे दोन-अडीच तास उकिडवं बसावं लागतं हे कळल्यावर तरुण पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. काका म्हणाले, "हात् तिच्या, एवढंच ना?" आणि बसले. छप्पन्नाव्या वर्षी बसलेला हा माणूस आता एकसष्टीला आला होता. बसणं अजून जमायचं, पण उठताना गुडघे असे वाजायचे की अंपायर वळून बघायचा.

पण काकांना हे नुसतं बसणं थोडंच होतं? शैलजाकाकू जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा एडिनबराला. शनिवारी सराव, रविवारी मॅच, मग कुणाच्या तरी गाडीत सगळ्यांबरोबर चहा आणि चिवडा. हे गेलं तर आठवड्यात काकांना हाक मारणारं उरणार कोण? टेस्कोची कॅशियर! त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या काकांनी हे स्वतःशी कबूल केलं.

मग मात्र त्यांना एक युक्ती सुचली. जेवणाऱ्या माणसाला आपल्यात कुणी वाईट सांगत नाही. आणि तोंडावर सांगितल्याशिवाय विनय वडीलधाऱ्या माणसाचं नाव कापायचा नाही, तेवढी त्याची टाप नव्हती. तेव्हा एकतीस तारखेपर्यंत जेवत राहायचं. अळीमिळी गुपचिळी!

आणि काका जेवले की हो! रविवारी जयंत आणि त्याची बायको नंदा यांनी बोलावलं. जयंत टीमचा सर्वांत जुना खेळाडू, बोलायला धीट, म्हणून विनयने त्याला पुढे केलेला. मसालेभात झाला, मठ्ठा झाला. जयंतने "काका, गुडघे काय म्हणतात?" म्हणून विषयाला हात घातला. काका म्हणाले, "मस्त! आणि नंदा, मसालेभात असा माझ्या आईनंतर आज खाल्ला." नंदाचे डोळेच भरून आले. आता अशा बाईसमोर जयंत काय डोंबल बोलणार? पुढच्या गुरुवारी परत विनयकडे, कोथिंबीरवडी. त्याच्या पुढच्या गुरुवारी इल्फर्डच्या देशी दुकानातून मुद्दाम आणलेल्या पानांची अळूवडी. विनय बिचारा दर वेळी ताकाला जायचा आणि भांडं लपवायचा. काकांचं वजन दोन किलोंनी वाढलं. मनातून त्यांना थोडी लाजही वाटत होती, पण अळूवडीपुढे लाज टिकत नाही.

तीस तारखेला, मंगळवारी, फोन आला तो खुद्द परीक्षितचा. "काका, आज माझ्याकडे जेवायला याल?"

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला शेवटी उंदराच्या पिल्लाला पाठवलं तर! काका हसत हसत ब्लेचलीला गेले. परीक्षितने पिठलं-भात केला होता. पिठल्यात गुठळ्या, भात खालून लागलेला. काकांनी तोही निमूटपणे संपवला आणि पोरगा कधी तोंड उघडतो त्याची वाट बघत बसले.

परीक्षित म्हणाला, "काका, मी विनयदादांना सांगितलंय, माझं नाव काढा म्हणून. तुमची जागा घेऊन मी खेळणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

काकांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण तेवढ्यात त्यांची नजर परीक्षितच्या उजव्या हातावर गेली. दोन बोटं एकत्र पट्टीने बांधलेली.

"हे काय केलंस?"

"त्या डावखुऱ्याचा बॉल लागला. शनिवारी सराव संपल्यावर आम्ही दोघंच थांबलो होतो."

"दोन्ही हात पुढे घेतोस ना? विकेटकीपरसारखे?"

"हो."

"अरे गाढवा!" काका खुर्चीवरून उठलेच. "ते क्रिकेट! इथे एका हातात ग्लोव्ह, दुसरा हात पाठीमागे. पाठीमागे म्हणजे पाठीमागे! बोटं मोडून घ्यायचीत? बस खाली, दाखवतो."

परीक्षित उकिडवं बसायला गेला आणि टाचा उचलून पुढे कोलमडला. "सवय नाही हो काका. आमच्या घरी पहिल्यापासून कमोड आहे."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी त्याच्या टाचा जमिनीवर टेकवल्या, गुडघे फाकवायला लावले, पाठीमागचा हात स्वतः धरून ठेवला. मोज्यांचा गोळा करून कॉरिडॉरमध्ये फेकत राहिले. तासाभराने पोरगा पंचवीस गोळे न पाडता झेलायला लागला. पंचविसावा तर त्याने असा अलगद उचलला, की काकांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. असं आपल्याला कधीच जमलं नाही, हे त्यांच्या मनाने तिथेच मान्य केलं. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

घरी जायच्या आधी त्यांनी तिथूनच विनयला फोन लावला. "लिहून घे. पंधरावं नाव परीक्षित. माझे गुडघे रिटायर झाले. आणि तीन आठवडे तुला छळलं, त्याबद्दल सॉरी. यादी मी पहिल्याच दिवशी फ्रिजवर वाचली होती."

पलीकडून विनय एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही पण ना!"

बुधवारी फॉर्म गेला.

गुरुवार उजाडला. आज कुणाचं आमंत्रण नव्हतं, आणि का असावं? काम झालं होतं. सांगायचं ते सांगून झालं, आता बासुंदी कशाला? साडेसहाला काकांनी बीन्सचा डबा उघडला, टोस्ट लावला, टीव्ही लावला. आपणच केलं, आता रडायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं, पण चमचा नुसताच बीन्समध्ये फिरत राहिला.

सातला फोन वाजला. नीना होती.

"अहो काका, आहात कुठे? पुऱ्या गार होतायत!"

"अगं पण... ते झालं ना सगळं. मी विनयला सांगितलं परवाच."

"काय सांगितलंत?"

"टीमचं. माझं नाव काढ म्हणून."

"ते तुमचं तुम्ही बघा," नीना म्हणाली. "मी गुरुवारचं विचारतेय. पानं वाढून ठेवलीत, पोरं जेवायची थांबलीत. निघा लवकर."

काकांनी बीन्सवर बशी झाकली आणि कोट शोधायला लागले.