दोन अंगठ्यांची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. म्हणजे वय दोनच वर्षांचं. पण डब्यात कोंडलेल्याचे दिवस लांब असतात. मी मुठीत मावते. माझ्या अंगावरच्या दोन पट्ट्यांवर अंगठे अर्धा मिनिट टेकवले, की हृदयाचे ठोके टिपून मी मोबाइलवर त्यांची रेघ काढते.

दर्यापूरजवळच्या शेतात नत्थुजींना चक्कर आली, तेव्हा अकोल्याच्या लेकीने, रागिणीने, मला पाठवलं. रोज सकाळी बाबांची रेघ तिच्या मोबाइलवर जायची. शेजारीपाजारी मला बघून गेले. पण काळ्या मातीने भेगाळलेले नत्थुजींचे अंगठे मला नीट लागेनात. तिसऱ्यांदा 'पुन्हा प्रयत्न करा' आलं, तसे ते वैतागले.

"गोदे, तुहेच आंगठे ठेव वं. पोरीले रेघ पायजे, कोनाची ते तिले का समजते?"

"अवो, पन मले का झालं?"

"म्हनूनच तं. तुही चांगली येईन."

नत्थुजींची बायको गोदाबाई हसल्या. पिठाचे हात पुसून त्यांनी अंगठे टेकवले. मग रोजचंच झालं. नाव नत्थुजींचं, ठोके गोदाबाईंचे.

तुरीला फुलं आली त्या आठवड्यात ते ठोके अडखळले. एक धावत पुढे, दोन मागे, ताल चुकलेल्या टाळांसारखे. रागिणीने बाबांना अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, सगळं ठीक. मोबाइलवरची रेघ पाहून मात्र ते म्हणाले, "ही रेघ ज्याची, त्याला लकवा होऊ शकतो. लवकर औषध हवं."

"मशीनच खराब निघाली," रागिणी म्हणाली. नत्थुजींनी मान डोलावली.

मी शेवयांच्या डब्यात गेले. झाकण लागलं. रेघ कोणाची आणि डॉक्टर काय म्हणाले, हे दोन्ही मला आणि नत्थुजींनाच ठाऊक होतं. मला वाचा नव्हती, त्यांना शरम होती. बाहेर गोदाबाई भाकरी थापायच्या. थाप, थाप, मग मध्येच सारं गप्प. मी अंधारात पुढच्या थापेची वाट बघायची.

चौथ्या दिवशी थाप थांबली, ती पुन्हा येईना. झाकण उघडलं. नत्थुजींच्या एका हातात झाकण होतं. दुसऱ्या हातात फोन.

"रागिणी, त्या रेघा माह्या नव्हत्या, बाई. तुह्या मायच्या होत्या. गाडी घेऊन ये."

गोदाबाई भिंतीला टेकून दम खात होत्या. मला हातात घेत हळूच म्हणाल्या, "आता तं माह्या नावानं ठेवू का आंगठे?"

त्या दिवसापासून त्यांना गोळ्या सुरू आहेत. मी खिडकीत राहते. नत्थुजी आधी अंगठे कोमट पाण्यात भिजवतात, मग मला धरतात.

मित्रांनो, मला डब्यात ठेवू नका. आणि घरात 'मले का झालं' म्हणणारी जी असेल, तिच्या हातात मला आधी द्या.