दोघींचे ट्रे

मॅनेजरनं पाकीट उजेडासमोर धरलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, अंगठ्याला मात्र लागलं. सीलच्या पट्टीत केसाएवढी सुरकुती होती. आत सलाइनची नळी नीट वेटोळं घालून बसली होती, पण एवढ्याशा सुरकुतीतून हवेला वाट मिळाली होती. आता ती नळी कुणाच्या शिरेला लावण्याजोगी राहिली नव्हती.

अशी तीन पाकिटं एका हॉस्पिटलमधून परत आली होती. तिथल्या नर्सच्या वेळीच लक्षात आलं, म्हणून निभावलं. गुणवत्ता तपासणाऱ्या बाईंनी नोंदी काढून दिल्या. तिन्ही पाकिटं कारखान्याच्या जुन्या हॉलमधली, गेल्या तीन आठवड्यांतली आणि तपासणीला बसणाऱ्या मावशींच्या टेबलावरून गेलेली. सगळा माल परत मागवायच्या पत्रावर त्यानं सकाळीच सही केली होती.

तीन आठवड्यांपूर्वीच नवा हॉल सुरू झाला होता. मागणी दुपटीनं वाढली होती, मोठ्या साहेबांना आणखी एका हॉलची घाई होती आणि माणसं होती तेवढीच. पत्ते पिसावेत तशी त्यानं जुन्या टीममधली माणसं पिसून निम्मी नव्या हॉलमध्ये नेली होती. त्याची काचेची केबिन दोन्ही हॉलच्या मधोमध होती. रजा, रुसवेफुगवे, मशीनच्या कुरकुरी, सगळं तिथं येऊन थांबायचं. तू जेवायलासुद्धा अर्धवट उठल्यासारखा बसतोस, असं बायको म्हणायची. हे पद नको, मला पुन्हा मशीनवर जाऊ द्या, असं त्यानं मोठ्या साहेबांना दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि आणखी एक टीम त्याच्या हाताखाली दिली.

मावशींना तपासणीवरून उठवायचं तर कोणत्या तोंडानं? बारा वर्षांपूर्वी तो ऑपरेटर म्हणून लागला, तेव्हा सील कसं ओळखायचं हे त्यांनीच शिकवलं होतं. डोळे फसतात, अंगठा फसत नाही, असं त्या म्हणायच्या. मग त्यांचाच अंगठा आता कसा फसला, हे त्याला उमगेना.

जेवणाच्या सुट्टीत तो नव्या हॉलबाहेर जाऊन उभा राहिला. मावशींच्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं जी बसायची, तिला सगळे अबोली म्हणत, कारण अख्ख्या पाळीत ती चार शब्दांपुढे जायची नाही. नव्या हॉलमध्ये तिला त्यानंच आणलं होतं. मावशींकडून आधी कधी असं झालं होतं का, एवढंच त्यानं विचारलं.

अबोलीनं डब्याचं झाकण लावलं.

"होत होतं. बाहेर जात नव्हतं."

"म्हणजे?"

"त्यांचा ट्रे झाला की मी परत बघायचे. दोन वर्षं. शुगरमुळे त्यांच्या बोटांना काही कळत नाही आता."

दोघींचं काम, एकटीनं आणि तेही वेळेत. बोलायला तिला सवड कुठून मिळणार होती? मग त्याला आठवलं, याच दोन वर्षांत तिचा बदलीचा अर्ज तीनदा त्याच्याकडे आला होता. तिन्ही वेळा त्यानं तो परत केला होता. वर, जुनी टीम तुझ्यामुळेच उभी आहे, असं कौतुकही केलं होतं.

महिनाभर तरी परत येशील का, असं त्यानं विचारून पाहिलं. तिनं कपाळावर आलेले केस टोपीत खोचले.

"नाही सर. आता घरी गेल्यावर मुलीशी दोन शब्द बोलते मी. तुम्ही हुकूम केलात तर यावं लागेल. पण विचारताय, तर नाही."

त्यानं हुकूम केला नाही.

अंगावर झगा, टोपी, मास्क, हातमोजे चढवून तो जुन्या हॉलमध्ये गेला. मावशींच्या शेजारचं स्टूल रिकामंच होतं. त्यावर बसून त्यानं परत आलेल्या पाकिटांचं हळू आवाजात सांगितलं. अबोलीचं नाव काढलं नाही. मावशींचे हात थांबले. त्यांनी ते मांडीवर ठेवले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"मला धास्ती होतीच," त्या म्हणाल्या. "ती गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"शेजारी बसून कळणार नाही का रे? ती माझी लाज राखत होती आणि मी कळून न कळल्यासारखं करत होते. चूक माझी आहे, तिची नाही. रोज यायचे ते ठरवून, की आज तुला सांगायचं. तोंडातून शब्द निघेना. वाटायचं, तूच एक दिवस येशील आणि उठा म्हणशील."

सात नवी माणसं येणार होती, त्यांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. हे त्यानं सांगितलं तेव्हा त्या फक्त हं म्हणाल्या. डोळ्यांकडे नेलेला हात मास्कपाशी अडला. मग स्टुलाला हात टेकत त्या उठल्या. दारापर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. चाल मात्र हलकी झाली होती.

पट्ट्यावरून पाकिटं येतच होती. बदली माणूस कुठून आणायचा, हे त्यालाच ठरवायचं होतं. तो सरकून मावशींच्या स्टुलावर बसला आणि समोरचा ट्रे ओढला. पहिली पाच-दहा पाकिटं हात अडखळले, नंतर लय सापडली. एक वाईट निघालं, ते त्यानं बाजूला टाकलं.

मोठ्या साहेबांनी त्याला चार वाजता बोलावलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले. काचेपलीकडे साहेब स्वतः केबिनपर्यंत आले, रिकाम्या खुर्चीपाशी थोडा वेळ उभे राहिले, मग हॉलकडे वळले. टोप्या आणि मास्कची रांग त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. नजर त्याच्यावरूनही गेली आणि पुढे सरकली.

त्यानं मान वर केली नाही.