वर कोणी बघतंय का

"आई, राउटरवर हे फास्ट लीव्ह लावलं ना, तर तू चॅनेल बदललंस की वर काकूचा टीव्हीपण बंद पडेल," धम्मदीप लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला.

"त्यांनी नवीन कनेक्शन घेतलंय. तू लाव."

धडधडीत खोटं. पण लेक दिवसभर लोकांच्या घरी नेट जोडत फिरतो, स्वतःच्या जिन्यात बघायला त्याला सवड कुठली!

"नक्की ना? तुमचे दोन्ही टीव्ही जिन्यातल्या डबीतून एकाच वायरवर होते. आत्ता काय होतं, एक टीव्ही चॅनेल सोडून गेला की राउटर आधी विचारतो, अजून कोणी बघतंय का? दुसरा हो म्हणाला की चालू ठेवतो. फास्ट लीव्ह लावलं की तो विचारतच नाही. ते चॅनेल दोघांकडे डायरेक्ट कट."

"पण चॅनेल पटकन बदलतं ना त्याने?"

"थोडं फास्ट होतं."

"मग लाव की. का आईला ते गोल चक्र बघायलाच बसवलंयस?"

हसला आणि लावलं त्याने.

वरची शैला माझी धाकटी जाऊ. विश्रांतवाडीतलं हे घर दोघा भावांनी मिळून बांधलं. माझे गेले, भाऊजी आहेत. शैला बँकेत ऑफिसर झाली. ती पुस्तकं घेऊन बसायची तेव्हा तिच्या पोरांची दुखणीखुपणी मी काढली, तिचा डबा मी भरला. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं जमतं.

गेल्या महिन्यात तिच्या लेकीचा, संस्कृतीचा साखरपुडा झाला. हिरव्या पैठणीतल्या एका बँकेतल्या मैत्रिणीने माझ्याकडे बघून विचारलं, "या कोण?" शैलाच्या हातात पेढ्यांचं ताट. म्हणाली, "या खाली राहतात."

खाली राहतात! जशी काही मी भाडेकरू. पेढा हातातच राहिला माझ्या. त्याच दिवशी ठरवलं, हिला चारचौघींत गप्प करायची.

तशी संधी तिनेच आणून दिली. इथल्या केबलवाल्यांच्या चॅनेलवर तिची मुलाखत लागणार होती. कर्तबगार स्त्री म्हणे. एकदाच दाखवणार होते. दुपारी बँकेतल्या सगळ्या जणी वर जमल्या. शैलाने जिन्यातून हाक मारली, "ताई, तुम्हीपण या ना वर."

"माझा टीव्ही चालतो," मी म्हटलं.

मीही तेच चॅनेल लावून बसले. ते लागल्याशिवाय सोडणार कसं? पडद्यावर शैला पावडर लावून, ताठ. वर टाळ्या, हसणं. मी थांबले. ऐन रंगात आल्याशिवाय काय मजा?

मुलाखत घेणारी पोरगी म्हणाली, "मॅडम, नोकरी, मुलं, घर, हे सगळं जमलं ते कोणामुळे?"

शैलाने पदर सारखा केला. "सांगते. हे आजवर मी कोणाला सांगितलं नाही..."

आता भाऊजींची आरती ओवाळणार, मी म्हटलं, आणि दाबलं बटण. माझ्याकडे तेलाची जाहिरात लागली. वर एकदम शांतता. मग "अगं, काय झालं?", "रिमोट बघ", "बंद करून चालू कर". मी पाय लांब केले. किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून सांगू!

वर चित्र परत आलं तोवर मुलाखत संपली होती.

शैला खाली आली. दारातच उभी राहिली. "ताई, तुमचाही गेला का?"

"मी दुसरं बघत होते."

"म्हणजे तुम्ही ऐकलं नाहीत?"

"काय ऐकायचं होतं?"

"त्या सगळ्यांना मुद्दाम बोलावलं होतं मी. त्या दिवशी साखरपुड्यात चुकीचं बोलून गेले होते, ते त्यांच्यासमोरच..." मग ओठ मिटले तिने. "जाऊ द्या. ऐकलं असतंत तर कळलं असतं."

काय बोललीस, एवढंच विचारायचं होतं. पण मी तिला विचारू?

वरच्या जणी उतरू लागल्या. चपला शोधताना हिरव्या पैठणीवालीने, आज साध्या साडीत होती, माझ्या दारात डोकावून पाहिलं.

"बाई, आमच्या मागे गेट लावून घ्या हं. कुत्री शिरतात."

शैला तिथेच, जिन्याच्या कठड्याला धरून. तिचं तोंड उघडलं. मी हाताने तिला थांबवलं.

उठले. त्या सगळ्या रस्त्यावर जाईपर्यंत उभी राहिले. गेट ओढलं. कडी बसत नव्हती, म्हणून गेट जरा उचलून परत लावलं.