केसरमावशीचं मीठ आणि तेरावा बेडूक

मुरुडला केसरमावशीच्या वाडीतल्या विहिरीत विषाणूच्या साथीने बारा बेडूक मेले. तेरावा आजारी पडला आणि बरा झाला. तिच्या भाचीला, रुचिताला, तो घरच्यांनी दाखवलेल्या सगळ्या स्थळांपेक्षा मोलाचा वाटला. बेडकाच्या भक्षकपेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, विषाणूला ओळखतात कशा, यावरच तिचा प्रबंध अडला होता.

तिने त्याच्या पोटात सुईने थोडं सलाईन सोडून परत ओढलं. पेशी आल्या, जिवंत. बेडूक विहिरीत गेला. नळी संध्याकाळपर्यंत मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचायची होती, म्हणून ती मावशीच्या माशांच्या बर्फपेटीत ठेवून रुचिता आंघोळीला गेली.

चाळीस वर्षं मासळी विकलेल्या मावशीला बर्फ वितळताना बघवेना. तिने सुरमईवर टाकते तसं दोन मुठी जाडं मीठ टाकलं.

रुचिता आली तेव्हा नळी दगड झाली होती. वितळवून सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर नुसत्या चिंध्या. मिठाने बर्फ आणखी थंड होतो, पेशीतलं पाणी गोठतं आणि ती फुटते, हे तिने शांतपणे सांगितलं.

"गार ऱ्हावं म्हनून टाकलं गो," मावशी म्हणाली. मग तिने विचारलं, या पेशी जित्या असत्या तर करणार काय होत्या?

विषाणूचा अंश आपल्यात नको तिथे दिसला की पेशी ओरडते, आणि शेजारणी दारं लावून घेतात, असं रुचिताने सांगितलं.

"म्हंजे आमचा बाजारच. मुन्शिपाल्टीची गाडी दिसली की पयली वरडते, बाकीच्या पाट्या झाकतात."

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणापेक्षा हे सोपं होतं. काही पेशी मात्र विषाणूला गिळून पोटातच सांभाळतात, असंही रुचिताने सांगितलं.

"अशी पन एक हाय. माजी जाऊ."

मग मावशीने दोऱ्याला कोळंबी बांधली आणि विहिरीत नाचवत बसली. हलतं ते बेडूक सोडत नाही. पहिल्यांदा भलताच एक वर आला, दुसऱ्यांदा कोळंबीच गेली. तिसऱ्यांदा मांडीवर आजारातल्या व्रणाची खूण असलेला तेरावा लटकत आला. सुई बघून त्याने डोळे मिटून घेतले.

दुपारच्या एसटीत रुचिताने नव्या नळीची पेटी मांडीवर घेतली, झाकण उघडलं आणि बर्फाचा खडा चाटून पाहिला.

"चव बघतीस व्हय?" खिडकीखालून मावशी म्हणाली.

अळणी होता. बोंबलाचा वास होता, पण पेशींना नाक नसतं.