पाण्याकाठचं सिद्धार्थनगर

इंद्रजीतनं जुनी गाडी घेतली तेव्हा तिच्यात साधा रेडिओ होता, तोही खरखरायचा. शेंद्र्याच्या कंपनीतले मित्र म्हणाले, आता स्क्रीन बसवून घे. गाणीही होतात, रस्ताही कळतो. मेमधल्या एका शनिवारी सुट्टी होती. गाडी काढताना त्यानं आईला विचारलं, "येतेस का? घरात बसून काय करणार?" आशाबाई पदर नीट करून पुढच्या सीटवर बसल्या. नवरा पुंजाराम गेल्यापासून पाच वर्षांत त्या बाजार आणि दवाखाना सोडून कुठं फारशा गेल्या नव्हत्या.

पुंडलिकनगरच्या घरापासून जवळच, गजानन मंदिराच्या बाजूला गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदार अभय तिशीचा, बोलका. त्यानं भिंतीवरच्या दोन स्क्रीन चालू करून दाखवल्या. एक मोठी, झगझगीत. "हिला मोबाईलचं नेट द्यायचं, की सगळं चालतं. ही दुसरी जरा लहान आहे, पण नकाशे हिच्या आतच भरलेले असतात. रेंज नसली तरी रस्ता दाखवते."

इंद्रजीतचं मन मोठीवर गेलं होतं. "रेंज आता कुठं नसते?" तो म्हणाला.

अभयनं खुर्ची पुढं सरकवली. "मावशी, बसा. आणि मराठीत बोला हिच्याशी. कुठलंही गाव सांगा."

आशाबाई संकोचल्या. मग स्क्रीनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "हिवरगाव."

स्क्रीननं गंगापूरकडचं हिवरगाव दाखवलं. "हे नवं," आशाबाई म्हणाल्या. "पुनर्वसनाचं. माझं जुनं हाय. धरणात गेलं ते."

अभयनं बोटानं नकाशा सरकवला. धरणाच्या पाण्याचा, नाथसागराचा निळा पट्टा पसरला आणि त्यात एकही नाव नव्हतं. "मावशी, ते कसं दाखवणार?"

"व्हय, ते बी खरंच." आशाबाईंनी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "सिद्धार्थनगर सापडंल का?"

"सिद्धार्थनगरं लई आहेत, मावशी. शहरातच दोन-तीन निघतील."

"पाण्याच्या काठाचं. ढोरकीनच्या अंगाला."

इंद्रजीतनं आईकडं पाहिलं. हे नाव त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "तिथं कोण आहे आपलं?"

"भामा हाय," आशाबाई म्हणाल्या. "असली तर."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आशाबाईंनी दोन-चार वाक्यांत सांगून टाकलं. भामा आणि त्या हिवरगावातून शेजारच्या गावच्या शाळेत रोज चालत जायच्या. आशा सर्जेराव पाटलांची, भामा पलीकडच्या वस्तीतली. भामाचं गणित पक्कं, आशाचं कच्चं. वाटेत एका बाभळीखाली बसून भामा तिच्याकडून गणितं सोडवून घ्यायची आणि मगच पुढं चालू द्यायची. दोघी पंधरा वर्षांच्या असताना गाव उठलं. पाटलांची घरं गंगापूरकडं गेली, भामाच्या वस्तीला दुसरीकडं जागा मिळाली. ट्रॉलीत बसताना भामानं ओरडून सांगितलं होतं, "सिद्धार्थनगर नाव ठेवणार हायेत, ध्यानात ठेव!"

"मग गेली का नाहीस?" इंद्रजीतनं विचारलं.

"माझ्या वडलांला म्हणलं, ते म्हणले लई लांब हाय. लग्न झाल्यावर तुझ्या बापाला म्हणलं. ते बी म्हणले, लई लांब."

अभयनं एक ठिपका मोठा केला. "हे बघा. ढोरकीनवरून उजवीकडं आत. आपल्या दुकानापासून बेचाळीस किलोमीटर. एक तास पाच मिनिटं."

आशाबाईंनी आकडा वाचला. चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत वाचला. लांब म्हणजे काय, हे त्यांना पन्नास वर्षांनी एका दुकानात बसून कळत होतं. खरं तर थोडंफार आधीही कळत असावं, पण आकडा समोर नव्हता.

"काठाला रेंज मिळत नाही हां," अभय म्हणाला. "तिकडं जायचं असलं तर लहानीच घ्या."

इंद्रजीतनं मोठीकडं एकदा पाहिलं. "लहानीच बसव," तो म्हणाला. "आजच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. आशाबाईंनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि रात्रीच करून ठेवलेले बेसनाचे लाडू डब्यात घेतले होते. बिडकीन गेलं, ढोरकीन आलं. स्क्रीनमधली बाई उजवीकडं वळायला सांगत होती आणि आशाबाई दर वेळी "व्हय" म्हणत होत्या.

वसाहतीत पाच-पन्नास घरं होती, मधे निळ्या रंगाचं विहार. पारावरच्या माणसानं बोटानं घर दाखवलं. निंबाच्या सावलीत बाजेवर एक बारीकशी म्हातारी शेंगा फोडत बसली होती. आशाबाई फाटकाशी उभ्या राहिल्या.

"कोण हाय?" म्हातारीनं विचारलं.

"आशा."

"कोण आशा?"

"हिवरगावची. सर्जेराव पाटलाची."

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाली, "आशे, तुझं गणित सुधरलं का नाय?"

आशाबाई तिथंच फाटकाला धरून रडल्या. इंद्रजीत भामाबाईंच्या पायाशी वाकला आणि म्हणाला, "मावशी, मी इंद्रजीत." भामाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर आशावरून हलवली नाही.

चहा झाला, लाडू झाले. कोण गेलं, कोणाची लेकरं कुठं आहेत, हे बोलून झालं. मग भामाबाई म्हणाल्या, "मला तुझं घर ठाव होतं."

"माझं?"

"पुंडलिकनगर. माझी लेक तिकडंच नर्सिंगचं शिकत होती, तव्हा पत्ता काढला होता. एकदा आले बी. तुझा मालक गेटात उभा व्हता. काय पाहिजे, म्हणला. मी कोण म्हणून सांगावं, तेच सुचंना. चुकून आले म्हणलं, अन् माघारी फिरले."

"हाक मारायची ना गं."

"मारली असती. तू आत कुठं व्हतीस काय ठाव." भामाबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. तेच आशाबाईंना सोसेना. त्या दिवशी आपण स्वयंपाकघरात असू, काही निवडत असू, धूत असू, आणि दहा पावलांवर भामा. त्या आठवू लागल्या, पण कसला दिवस होता तेच माहीत नव्हतं, तर आठवणार काय?

ऊन उतरल्यावर भामाबाई म्हणाल्या, "पाणी बघायचं का? यंदा लई आत गेलंय."

तिघं गाडीत बसले. दोघी मागं. वसाहत संपली, रस्ता संपला, पुढं धरणाची भेगाळलेली जमीन. ट्रॅक्टरच्या चाकोरीतून इंद्रजीत सावकाश गाडी नेत होता. स्क्रीनवर गाडीचा बाण निळ्या रंगात शिरला. पाण्यापाशी आल्यावर दोघी उतरल्या.

गाव काही वर आलेलं नव्हतं. नुसतं पाणी, थोडे बगळे, लांबवर एक होडी.

"आपली बाभूळ तिकडं," आशाबाईंनी हात केला.

"नाय गं. तिकडं वढा. बाभूळ ह्या अंगाला."

"तू इसरलीस."

"मी रोज बघते हे पाणी," भामाबाई म्हणाल्या. "तूच इसरलीस."

दोघी वाद घालत राहिल्या. मग जमिनीवरच बसल्या, खांद्याला खांदा लावून. इंद्रजीत गाडीपाशीच थांबला. अंधार पडायला आल्यावरच त्यानं हाक मारली.

परत सोडताना आशाबाई म्हणाल्या, "चल माझ्याकडं. आठ दिस राहा."

"शेळ्या कोण बघंल? गुडघे बी धड नाहीत." भामाबाईंनी शेंगांची पिशवी आशाबाईंच्या मांडीवर ठेवली. "तू ये." आणि काठी टेकत त्या आत गेल्या.

बिडकीन आलं आणि आशाबाई एकदम बोलायला लागल्या. शाळेचे मास्तर, नदीतलं पोहणं, भामाची लांब वेणी, एकदा दोघींनी पळवलेल्या कैऱ्या. इंद्रजीतनं हे काहीच ऐकलेलं नव्हतं. आईचा आवाज पोरीसारखा बारीक झाला होता. गाडी घरासमोर आली तरी त्या उतरेनात, कैऱ्यांची गोष्ट अजून संपली नव्हती. त्यानं इंजिन बंद केलं आणि ऐकत बसला.