होलच्या जागा फुटल्या

समुद्रकाठच्या त्या नामांकित मैदानावर सात वर्षांनी गोल्फची अजिंक्यपद स्पर्धा परतली, आणि दुसऱ्याच दिवशी होलच्या जागा फुटल्याची कुजबुज सुरू झाली.

उद्याचा होल ग्रीनवर, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवर, नेमका कुठे खणायचा, ते समिती आदल्या संध्याकाळी रंगाचा बारीक ठिपका देऊन ठरवते. खेळाडूंना ते कळतं सकाळी. इथे मात्र खेळाडूची बॅग वाहणाऱ्या एका कॅडीच्या वहीत सगळ्या जागा रात्रीच उतरलेल्या होत्या.

समितीचे मिस्टर क्वेक यांनी क्षिप्राला बोलावलं. "ठिपके बघणारे बाहेरचे दोघंच. तू आणि शिरीष. उद्या सकाळी सातला एकाचा पास मी काढून घेणार."

क्षिप्रा विद्यापीठात गवतावर संशोधन करायची. ग्रीन किती कडक आहे हे मोजायला तिला इथे घेतलं होतं. पास गेला, तर महिनाअखेरीस संपणारा करार कोण वाढवणार? टॅम्पिनीसमधली इथली भाड्याची खोली सोडून पुण्याचं तिकीट काढावं लागणार.

तिचा संशय शिरीषवर होता. आकडेवारी तो सांभाळायचा. एरवी मैदानभर ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस दोन दिवस गप्प होता, आणि ती जवळ आली की लॅपटॉप मिटायचा.

संध्याकाळी चौदाव्या ग्रीनवर तिने त्याला गाठलं.

"काय लपवतोयस रे?"

"तेच तुला विचारणार होतो. दोन दिवस डोळा ठेवून आहे मी तुझ्यावर."

"माझ्यावर? वा! चोराच्या उलट्या बोंबा!"

"बोंबा नंतर मार. आधी हे बघ." त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर ग्रीनचा नकाशा होता. "दर ग्रीनवर नऊ मापं, समान अंतरावर. बरोबर? मग या कोपऱ्यातली तीन जास्तीची कुणाची?"

क्षिप्राने पाहिलं. तिन्ही टिंबं एकमेकांना चिकटून बसली होती, बरोबर ठिपक्याभोवती.

"माझी," ती सावकाश म्हणाली. "होल तिथे, म्हणून तिथलं माप नेमकं हवं..."

"आणि ही फाईल आपण रोज संध्याकाळी सगळ्या खेळाडूंना पाठवतो, बाईसाहेब. ग्रीनचा अंदाज यावा म्हणून! एका कॅडीने फक्त डोळे उघडे ठेवले. मला वाटलं, तू मुद्दाम करतेयस. आज खात्री करायची होती."

ती खाली बसली. मागे जहाजांचे दिवे लागायला लागले होते.

"क्वेकला काही ठाऊक नाही," शिरीष हळूच म्हणाला. "आजपासून ती तीन गाळू. गोष्ट इथेच मिटेल."

"आणि सकाळी सातला? तुझा पास काढला तर?"

क्षिप्राने फोन लावला.

"मिस्टर क्वेक, कुणी फितूर नाही. चूक माझ्या मापांत आहे. हो, एकटीच्या. येते, फाईल घेऊन."

तिने गळ्यातला पास काढला. शिरीष उठला.

"मी येतो बरोबर."

"नको. अजून चार ग्रीन राहिलीत, उजेड जाईल. तू मोज. आणि नऊच घे."